दहा लिटरच्या कॅबिनेटसाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड कोणता निवडावा?

संत्रानगरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी मूळचा नागपूरचा असून नोकरीमुळे वर्षातले सात-आठ महिने पुण्यात आणि उरलेले घरून काम करत नागपुरात असतो. २०१९ मध्ये जोडलेला माझा संगणक मोठ्या कॅबिनेटमध्ये आहे. तो रेल्वेने सोबत नेणे शक्य नसल्यामुळे निम्मे वर्ष तो धूळ खात पडून असतो आणि मी लॅपटॉपवर वेळ मारून नेतो. म्हणून आता पाठीवरच्या बॅगेत मावेल असा छोटा संगणक जोडायचे ठरवले आहे.

कॅबिनेट म्हणून फ्रॅक्टल टेरा मनात आहे. त्याचे आकारमान १०.४ लिटर असून त्यात फक्त मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराचा मदरबोर्ड बसतो. ग्राफिक्स कार्ड नवे घ्यायचे नाही. गेल्या वर्षी घेतलेले आरटीएक्स ४०७० माझ्याकडे आहे. ते दोन पंख्यांचे, साधारण २४० मिमी लांब आणि ४२ मिमी जाड आहे. एसएफएक्स आकाराचा ७५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा खोका) एका मित्राकडून मिळाला आहे. म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि कूलर एवढीच खरेदी उरते. मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झचा आहे.

सध्या कोअर आय५-९४००एफ वापरतो. नेमबाजीच्या खेळांत फारशी तक्रार नाही, परंतु मी जास्त वेळ खेळतो ते शहर वसवण्याचे खेळ. त्यांत लोकसंख्या वाढली की खेळ अक्षरशः रांगू लागतो. कॅमेरा फिरवला की चित्र अडखळते आणि वेळ तिप्पट वेगाने पुढे नेण्याचे बटण केवळ नावापुरते उरते.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत: एएमडीचे रायझेन ५ ७६०० आणि रायझेन ७ ७८००एक्स३डी, किंवा इंटेलचा कोअर आय५-१४६००के. मदरबोर्डाच्या, म्हणजे त्यावरच्या चिपसेटच्या (जोडण्या सांभाळणाऱ्या चिपच्या) बाबतीत मात्र गोंधळ उडाला आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की ‘आता घ्यायचाच तर एक्स८७० चिपसेटचाच घ्या, बाकीचे जुने झाले’. त्याने सांगितलेली किंमत बी६५० चिपसेटच्या मिनी-आयटीएक्स मदरबोर्डापेक्षा इतकी जास्त आहे, की त्या फरकात प्रोसेसर एक पायरी वरचा घेता येईल.

शेवटची अडचण हवामानाची. मे महिन्यात नागपुरात बाहेर ४५ अंश असतात आणि माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८च्या खाली पारा उतरत नाही. परदेशी परीक्षणे वातानुकूलित खोलीत केलेली असतात. त्यातले आकडे आपल्याकडे कितपत धरावेत?

---

मिलिमीटर

संत्रानगरी, तुम्ही प्रोसेसरपासून सुरुवात केली आहे. छोट्या संगणकात ती कूलरपासून करावी लागते. मोठ्या कॅबिनेटमध्ये आधी प्रोसेसर निवडतात आणि मग त्याला साजेसा कूलर आणतात. दहा लिटरमध्ये कॅबिनेट सांगते कूलर किती उंच असेल, कूलर सांगतो किती वॅट उष्णता बाहेर पडेल, आणि मग त्या वॅटमध्ये बसणारा प्रोसेसर शोधायचा.

टेराच्या पोटात एक सरकता मधला कणा आहे. त्याच्या एका बाजूला मदरबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड बसते. कणा जिकडे सरकवाल तिकडची जागा कमी होते. कूलरसाठी कमीत कमी ४८ आणि जास्तीत जास्त ७७ मिमी उंची मिळते, तर कार्डासाठी ७२ ते ४३ मिमी जाडी. दोन्हींची बेरीज नेहमी १२० भरते. तीन स्लॉटचे, साठ मिमी जाडीचे कार्ड असते तर कूलरला साठच उरले असते. तुमचे कार्ड ४२ मिमीचे असल्यामुळे कणा पूर्ण कार्डाच्या बाजूला सरकवता येतो आणि कूलरला ७७ मिमी मिळतात. ही चैन आहे असे समजा. नॉक्टुआचा एनएच-एल१२एस ७० मिमी उंच आहे, थर्मलराइटचा एएक्सपी१२०-एक्स६७ नावाप्रमाणेच ६७ मिमी; दोन्ही बसतात. प्रसिद्ध ३७ मिमीच्या एनएच-एल९एकडे तुम्हाला वळण्याचे कारण नाही. पुढे कधी जाड कार्ड घेतलेत, तर हे गणित पुन्हा मांडावे लागेल, एवढे ध्यानात असू द्या.

आता वॅट. एएमडी खोक्यावर जो टीडीपी (उष्णतेचा वॅटमधला आकडा) छापते तो प्रत्यक्षात ओढल्या जाणाऱ्या विजेची मर्यादा नसतो. एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डावर एएमडीचा प्रोसेसर बसतो ती जागा) खरी मर्यादा साधारण १.३५ पट असते: ६५ वॅटचा प्रोसेसर ८८ वॅटपर्यंत जातो, १०५चा १४२पर्यंत आणि १७०चा २३०पर्यंत. रायझेन ५ ७६०० या ६५ वॅटच्या गटातला आहे. ७० मिमीच्या कूलरला ८८ वॅट पेलणे अवघड नाही, आणि खेळताना तो तेवढेही घेत नाही.

१४६००केची मूळ वीजक्षमता १२५ वॅट आणि कमाल टर्बो १८१ वॅट आहे. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) मर्यादा घालून तो थंड ठेवता येतो, हे खरे. पण ज्या वेगासाठी पैसे मोजले तोच वेग स्वतः कापायचा, यात मला अर्थ दिसत नाही. शिवाय त्याचा एलजीए१७०० सॉकेट तिथेच संपला. इंटेलची २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका एलजीए१८५१वर गेली. याउलट एएम५ किमान २०२७पर्यंत चालवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. छोट्या संगणकात मदरबोर्ड बदलणे म्हणजे सगळे सुटे करून पुन्हा जोडणे असते. सॉकेट टिकाऊ असला की फक्त प्रोसेसर बदलून भागते.

तापमानाचे उत्तर सोपे आहे. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक इतके अंश वर ठेवतो. खोली २३ अंशांऐवजी ३८ असेल तर परीक्षणातल्या आकड्यात सरळ १५ मिळवा. ७६००ची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, ७८००एक्स३डीची ८९. मर्यादा गाठली की प्रोसेसर जळत नाही, आपणहून वेग कमी करतो.

माझे मत: रायझेन ५ ७६०० घ्या, बी६५०चा मदरबोर्ड घ्या, आणि दोन-तीन वर्षांनी त्याच सॉकेटवर मोठ्या कॅशचा (प्रोसेसरमधल्या जलद स्मृतीचा) प्रोसेसर बसवा.

---

जुना_जुगाड

इंटेलची बाजू अगदीच रिकामी राहू नये म्हणून लिहितो. माझ्याकडे गेली तीन वर्षे कोअर आय५-१२४०० एका आठ लिटरच्या कॅबिनेटमध्ये विनातक्रार चालू आहे. एलजीए१७००चे काही मदरबोर्ड डीडीआर४ रॅम घेतात, त्यामुळे जुनी रॅम ज्यांच्याकडे पडून आहे त्यांचा मोठा खर्च वाचतो. एएम५ला डीडीआर५शिवाय गत्यंतर नाही.

तरीही तुम्हाला १४६००के सुचवणार नाही. १३व्या आणि १४व्या पिढीतल्या ६५ वॅट व त्यापुढच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कालांतराने अस्थिर होऊ शकतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १२व्या पिढीला ही बाधा नाही. दुरुस्ती झाली असली, तरी प्रवासात फिरणाऱ्या संगणकात आणखी एक शंका कशाला वाढवायची?

मिलिमीटर यांच्या एका मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. ‘आता ७६००, पुढे मोठ्या कॅशचा’ हा सल्ला नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्याला ठीक आहे. प्रश्नकर्त्याचे मुख्य दुखणे शहर वसवण्याच्या खेळांचे आहे. त्या खेळांत हजारो नागरिक, वाहने, पाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्या यांचा हिशेब प्रत्येक क्षणी करावा लागतो; ही माहिती प्रोसेसरच्या स्वतःच्या कॅशमध्ये मावली नाही, की दर वेळी रॅमपर्यंत खेप घालावी लागते. ७६००मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश ३२ एमबी आहे, ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी. तिप्पट कॅशचा सर्वाधिक उपयोग ज्या खेळांना होतो त्यांत हे खेळ बसतात. मग दोन वर्षे थांबायचे कशासाठी?

आणि ७८००एक्स३डीवर १२० वॅट छापले आहे म्हणून घाबरू नका. खेळताना तो बहुधा ५० ते ८० वॅटच घेतो. गरम मात्र लवकर होतो, कारण गाभे (हिशेब करणारे कोअर) असलेली सिलिकॉनची चकती जेमतेम ७० चौरस मिलिमीटरची आहे आणि या पिढीत जादा कॅश गाभ्यांच्या डोक्यावर बसवली आहे. उष्णतेला त्या थरातून वर यावे लागते. पुढच्या ९८००एक्स३डीमध्ये कॅश गाभ्यांच्या खाली नेली, म्हणून तो जास्त वेगाने चालू शकतो. पण तो वीजही जास्त घेतो आणि किंमतही. तुमच्या कॅबिनेटला ७८००एक्स३डी अधिक शोभतो.

---

संत्रानगरी

आपण दोघांनीही वेळ काढून लिहिलेत, आभारी आहे. दोन मते आल्यामुळे निर्णय मात्र आणखी अवघड झाला. माझी अडचण खरोखर प्रोसेसरची आहे की ग्राफिक्स कार्डाची, हे पैसे खर्च करण्याआधी घरच्या घरी तपासता येईल का?

आणि मदरबोर्डाचा प्रश्न तसाच राहिला. एक्स८७० नको म्हणताना दुकानदाराला काय सांगू?

---

मिलिमीटर

तपासणी दहा मिनिटांची आहे. तुमचे सर्वांत मोठे शहर उघडा, कॅमेरा एका जागी ठेवा आणि १४४०पीवर फ्रेमचा आकडा नोंदवा. मग रिझोल्यूशन १०८०पी आणि त्यानंतर ७२०पी करा. आकडा वाढत गेला तर कार्ड अडत होते. जागचा हलला नाही तर प्रोसेसर अडतो आहे, कारण चित्रातले ठिपके कमी केल्याने नागरिकांचा हिशेब कमी होत नाही.

जुना_जुगाड यांचा आक्षेप मी मान्य करतो. तुमचे खेळ मी पुरेसे लक्षात घेतले नव्हते. चाचणीत प्रोसेसरच दोषी निघाला, तर मोठ्या कॅशचा घ्या.

---

वीजवाहक

मदरबोर्डाबद्दल मी लिहितो, कारण अशा छोट्या जोडण्या करून देणे हा माझा रविवारचा उद्योग आहे आणि चुकाही याच भागात जास्त होतात.

‘जुने झाले’ या शब्दांना फसू नका. एक्स८७०, बी८५० आणि बी६५० या तिन्हींमध्ये चिपसेटची चकती एकच आहे. एक्स८७० हे नाव लावायचे तर मदरबोर्डावर यूएसबी४ असलेच पाहिजे आणि ग्राफिक्स कार्डाचा स्लॉट पीसीआयई ५.० (जोडणीची नवी, जलद पिढी) असला पाहिजे, असा नियम आहे; जादा किंमत मुख्यतः त्याची. तुमचे ४०७० कार्ड पीसीआयई ४.०चे आहे आणि टेरासोबत मिळणारी, कार्ड मदरबोर्डाला जोडणारी रायझर केबलही ४.०चीच, म्हणून ५.०चा जादा वेग तुमच्यासाठी वायाच जाणार. यूएसबी४वर चालणारी बाहेरची जलद डिस्क किंवा डॉक तुम्ही वापरत असाल तर वेगळी गोष्ट. दुकानदाराला एवढेच विचारा, की ‘यूएसबी४ मला कशासाठी लागणार आहे ते सांगा’.

दुसऱ्या टोकाला ए६२० चिपसेटचे मिनी-आयटीएक्स मदरबोर्डही मिळतात आणि ते बरेच स्वस्त असतात. ७८००एक्स३डी त्यांच्यावर चालतो. मात्र या चिपसेटवर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) अधिकृतपणे बंद आहे, आणि त्याच मेनूत असणारा कर्व्ह ऑप्टिमायझर प्रत्येक मदरबोर्डावर मिळेलच असे नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात तुम्हाला त्याचीच गरज आहे. त्यात गाभ्यांचे व्होल्टेज थोडे खाली आणले की तितकाच वेग कमी विजेत मिळतो. उणे १०पासून सुरुवात करा, आठवडाभर खेळून पाहा, मग उणे १५, उणे २० असे उतरा. प्रत्येक चकतीची सहनशक्ती वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा आंधळेपणाने घेऊ नका. एवढ्यासाठी मी बी६५०ला पसंती देतो.

व्होल्टेज नियंत्रकाचे टप्पे किती, यावर परीक्षणांत पानेच्या पाने भरलेली असतात. ८० वॅट घेणाऱ्या प्रोसेसरसाठी तो वाद सोडून द्या.

त्याऐवजी मदरबोर्डाचा फोटो मोठा करून पाहा. मिनी-आयटीएक्सची पाटी १७० मिमी बाय १७० मिमीची. या चौकोनात सॉकेट, रॅमचे दोन स्लॉट, एक पीसीआयई स्लॉट आणि एम.२ एसएसडी कोंबलेले असतात. मागच्या जोडण्यांवर आणि व्होल्टेज नियंत्रकावर जे धातूचे उंच आवरण असते, ते आडव्या कूलरच्या पात्यांना किंवा उष्णतावाहक नळ्यांना अडते. मी स्वतः एकदा मोठ्या हौसेने आणलेला कूलर चार मिमीच्या अडथळ्यापायी परत केला आहे, आणि परत घेताना दुकानदाराने कापून घेतलेली रक्कम अजून आठवते. कूलर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर कोणत्या मदरबोर्डावर काय बसते याची यादी देतात. खरेदीपूर्वी ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. रॅमही चमचमत्या उंच आवरणाची नको. ३५ मिमीच्या आसपासची साधी पट्टी घ्या. ६००० वेगाची, सीएल३० विलंबाची १६ जीबीच्या दोन पट्ट्यांची जोडी या प्रोसेसरला मानवते. बायोसमध्ये एक्सपो (रॅमचा छापील वेग लागू करणारे सेटिंग) चालू करायला विसरलात तर ती मूळच्या कमी वेगाने चालत राहील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

पुष्कळ मदरबोर्डांवर दुसरा एम.२ स्लॉट पाटीच्या मागे असतो. टेरामध्ये तिकडे हवा फारशी खेळत नाही, म्हणून मुख्य एसएसडी पुढच्या स्लॉटमध्ये आणि मागे खेळ साठवण्यापुरती कमी तापणारी एसएसडी, अशी विभागणी करा. टेराच्या पुढच्या बाजूला टाइप-सीचे तोंड आहे. त्याची अंतर्गत जोडणी मदरबोर्डावर आहे ना, हेही पाहून घ्या. स्वस्त मदरबोर्डांत ती कधीकधी वगळलेली असते.

एक गोष्ट कोणी बोलले नाही. ७००० मालिकेतल्या ‘एफ’ नसलेल्या प्रोसेसरांत छोटा ग्राफिक्स भाग असतो. खेळायला तो निरुपयोगी आहे, पण तुमचे कार्ड रायझर केबलवर लटकणार आहे आणि संगणक रेल्वेतून प्रवास करणार आहे. उद्या पडद्यावर काही दिसेनासे झाले, तर मॉनिटरची वायर मदरबोर्डाला लावून पाहता येते आणि दोष केबलचा की आणखी कशाचा, हे पाच मिनिटांत कळते. म्हणून ७५००एफ कितीही स्वस्त दिसला तरी तुमच्यासाठी नाही.

ता.क. नागपुरात ‘कूलर’ म्हटले की खसाचे ताटवे लावलेला, पाणी भरायचा कूलर डोळ्यांपुढे येतो. त्याने खोली सात-आठ अंशांनी उतरते, ते या कूलरलाही उपकारकच आहे. फक्त संगणक त्याच्या तुषारांच्या सरळ झोतात ठेवू नका.

---

संत्रानगरी

काल रात्री चाचणी केली. १४४०पीवर २७ फ्रेम, १०८०पीवर २८, ७२०पीवर पुन्हा २८. सहाही गाभे शंभर टक्क्यांवर होते आणि ग्राफिक्स कार्ड निम्मेही राबत नव्हते. शंका उरली नाही.

त्यामुळे ७८००एक्स३डी आणि बी६५०चा मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड असे ठरवले आहे; एक्स८७०वर जाणारे पैसे प्रोसेसरच्या कॅशकडे वळले. दुकानदाराला यूएसबी४बद्दल विचारले, तेव्हा तो म्हणाला, ‘भविष्यात लागेल’. कूलर एएक्सपी१२०-एक्स६७ घेतो आहे, आणि निवडलेल्या मदरबोर्डावर तो बसतो याची खात्री करून घेतली आहे. ७७ मिमीपैकी दहा मिमी मोकळे राहतील, तेवढीच हवेला जागा.

दोन शंका उरतात. हा कूलर लावताना मदरबोर्डाच्या मागची पट्टी काढायची असते का? आणि प्रवासात काय काढून ठेवावे?

---

वीजवाहक

एएम५मध्ये मागची धातूची पट्टी सॉकेटचाच भाग आहे. ती काढायची नाही. पुढच्या बाजूच्या प्लास्टिकच्या दोन कमानी तेवढ्या काढायच्या आणि कूलरचे स्क्रू त्याच पट्टीत बसवायचे. प्रोसेसरच्या झाकणाला कडेने खाचा आहेत, त्यांत थर्मल पेस्ट शिरली तरी बिघडत नाही, पण मधोमध वाटाण्याएवढी पुरते.

कूलर ६७ मिमीचा आणि आडवा असल्यामुळे प्रवासात काढण्याची गरज नाही; उंच मनोऱ्यासारखा असता तर काढायला सांगितले असते. कार्ड टेरामध्ये कण्याला समांतर आणि स्क्रूने घट्ट असते, तेही राहू द्या. फक्त गाडीतून उतरल्यावर, सुरू करण्याआधी, रायझर केबलची दोन्ही टोके बोटाने दाबून पाहा. पुढे ५० मालिकेतले कार्ड घेतलेत आणि स्लॉट ५.०चा असला, तर बायोसमध्ये तो हाताने ४.०वर ठेवा, नाहीतर जुन्या रायझरवर पडदा मधूनच काळा होतो.

जोडून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा पंखे फिरतील आणि पडदा काही मिनिटे काळाच राहील. डीडीआर५ रॅमची जुळवणी चालू असते. एक्सपो चालू केल्यावरही पुन्हा एकदा तसेच होईल. दोन्ही वेळा वीज बंद करू नका, चहा ठेवा.